आधी शीट, मग औषध

परसातली कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहिली की गावात पहिलं नाव निघतं ते मानमोडीचं. लस वेळच्या वेळी दिलेली असेल आणि कोंबडी एका दिवसात न आटपता हळूहळू खंगत असेल, तर माझा संशय परजीवींवर जातो.

मी आधी कोंबडी हातात घेतो. छातीवरून बोट फिरवताना मधलं हाड धारदार लागलं, तर आजार जुना आहे. मग शेपटीखालची पिसं उजेडात उलटी करतो. पिवळसर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरट पुंजके चिकटलेले असतात. तिथे काही नाही, तुरा मात्र पांढुरका, तर रात्री टॉर्च घेऊन खुराडं बघायचं. रेड माइट दिवसा दांड्याच्या फटीत दडते आणि अंधार पडल्यावर अंगावर चढून रक्त पिते. दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवलं की त्यावर रक्ताचे डाग उमटतात.

"डॉक्टर, शेळ्यांना देता तेच जंताचं औषध द्या की," असं आज्या हमखास म्हणतात.

"आजी, आधी सकाळची शीट दाखवा."

कारण सगळा उलगडा तिथेच होतो. कोकणातल्या पावसात खुराड्यातली गादी ओली राहते आणि लहान पिल्लांच्या शिटेत रक्त दिसू लागतं. हा कॉक्सिडिओसिस. त्याचा जीव एकपेशीय, त्याला जंताचं औषध लागूच पडत नाही. तिथे पाण्यातून अँप्रोलियम द्यायचं आणि गादी कोरडी करायची. शिटेत पांढरे चपटे तुकडे असले तर ते पट्टकृमी. मुंग्या, भुंगेरे, माश्या खाऊन ते पोटात जातात. दुकानात सर्रास मिळणारं पिपराझिन मोठ्या गोल जंतांना बाहेर काढतं, पट्टकृमींना नाही. आतड्याच्या अस्तरात वाढणारी गोल जंतांची पिल्लंही त्यातून सुटतात, म्हणून २ ते ३ आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. उवांची अंडीही पहिल्या औषधाने मरत नाहीत. १० दिवसांनी दुसरा हात फिरवावाच लागतो.

पण नुसत्या कोंबडीवर उपचार करून खुराडं तसंच ठेवलं, तर केलेलं सगळं वाया जातं. दांडे बाहेर काढून उन्हात टाका, फटी खरवडून चुना भरा, शीट रोज उचला, कोंबड्यांना लोळायला कोरडी माती-राख ठेवा. औषध चालू असताना अंडी खाऊ नका, विकूही नका. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

कोंबडी मुकी असली तरी तिचा आजार मुका नसतो. ती मलूल दिसली की औषधाच्या दुकानात धावू नका. ताजी शीट झाकणाच्या डबीत घ्या आणि ती घेऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.