टर्नलाही दोन्ही हात

डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात काय किंवा ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावात काय, मूल पाण्याला सरावलं की पालकांना स्पर्धेचे वेध लागतात. आमच्या बॅचच्या नव्या पालकांना स्पर्धा समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण कट्ट्यावर बसून न विचारता बोलणारा मीच होतो.

मी वीरधवल खाडेवर भाषण ठोकलं. कोल्हापूरचा मुलगा, 2008चं बीजिंग ऑलिंपिक, 2010च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य. सगळे खूश. आपली हीट येईपर्यंत मूल ओल्या अंगाने कुडकुडत बसतं, दुसरा टॉवेल न्या, नवाकोरा गॉगल त्याच दिवशी चढवू नका, हे सांगायचं राहिलं. वयोगटही चुकवला. स्पर्धेच्या तारखेचं वय धरा म्हणालो. धरतात ते त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचं. एका घराला फॉर्म पुन्हा भरावा लागला आणि त्यांचा किरकोळ अंगाचा मुलगा वरच्या गटातल्या दांडग्यांशेजारी उभा राहिला.

पण खरा घोळ ठाण्यातल्या स्पर्धेत झाला. आमच्यातली एक मुलगी ब्रेस्टस्ट्रोकच्या हीटमध्ये सगळ्यांच्या पुढे आली. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे वेळ नव्हती, ‘डीक्यू’ होतं, म्हणजे बाद. आई माझ्याकडे बघायला लागली. मला कारण ठाऊक नव्हतं, तरी तावातावाने पंचांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, हिचा एक मागून आला. नियम जगभर हाच आहे. मी म्हटलं, “अहो, लहान आहे ती.” त्यांनी पुढच्या हीटचा कागद उचलला.

इथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी परत येऊन त्या माउलीला म्हणालो, “पंच चुकले, काय करणार!” मला नियम माहीत नव्हता हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं गेलं. मुलीने ते ऐकलं, आणि नंतर बरेच दिवस ती मैत्रिणींना तेच सांगत होती.

आता मी भाषण करत नाही, शिट्टी घेऊन जातो. तुटक तुटक शिट्ट्या आल्या की कपडे काढून तयार राहायचं. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढायचं. बॅकस्ट्रोक असेल तर पाण्यात उतरायचं. ‘टेक युअर मार्क्स’ला वाकून स्तब्ध. इशाऱ्याआधी उडी पडली तर बाद, दुसरी संधी नाही. पोरांना हा खेळच वाटतो. पालकांना मात्र दोनदा सांगावं लागतं.

त्या मुलीलाही एकदा बाजूला बोलावून खरं काय ते सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने टोपी कानांवर ओढत विचारलं, “मग काका, टर्नलाही दोन्ही हात?”

हो, टर्नलाही.