एका पिशवीतली दोन दुधं

आमच्या दोन मुलांत चौदा महिन्यांचं अंतर. धाकट्याचे दिवस राहिले तेव्हा थोरली जेमतेम पाच महिन्यांची. "पोटुशीचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं," आत्याबाई म्हणाल्या आणि कडुलिंबाचा पाला वाटून माझ्या हातात दिला. लावला मी. थोरली तोंड लावायची, कडू लागलं की मान मागे घेऊन माझ्याकडे बघायची. रडायची नाही, नुसती बघायची.

तीच थोरली आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. परवा राहायला आली होती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, आणि मी भांडी विसळत असताना ती उद्याच्या तासाची टिपणं चाळत बसली. विषय कांगारूचं दूध.

"दुधात काय शिकवायचं गं?"

"आई, ऐक तर."

ऑस्ट्रेलियात तामार वॉलबी म्हणून कांगारूच्याच कुळातला लहान प्राणी आहे. त्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या ग्रॅमचंसुद्धा नसतं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. तरी आपणच सरपटत पिशवीत जातं आणि आचळ धरतं. आपल्या बाळाचं जे पोटात नाळेवर होतं, त्यातलं बरंचसं तिथे दुधावर होतं. म्हणून दूधच बदलत जातं. आधी पातळ, स्निग्धांश कमी, साखर भरपूर. तीही साधी नव्हे, साखरेच्या कणाला कण जोडून केलेल्या साखळ्या. पिल्लू पिशवीबाहेर डोकावायला लागलं की त्या साखळ्या जवळजवळ संपतात आणि दूध साईसारखं दाट होतं. प्रथिनंही बदलतात. एक फक्त सुरुवातीला, एक मधल्या काळात, एक शेवटी. दूध करणाऱ्या पेशींतली जनुकं पाळीपाळीनं चालू-बंद होतात म्हणे. लहान पिल्लू पुढच्या टप्प्यातल्या आईला लावून पाहिलं, तर दूध त्याच्यासाठी मागे आलं नाही. पिल्लूच भराभर वाढलं.

मोठ्या तांबड्या कांगारूची तर कमालच. थोरलं आठेक महिन्यांनी पिशवीबाहेर पडतं, लगेच धाकटं आत येतं. थोरलं वर्षाचं होईतो बाहेरून तोंड घालून आपल्याच जुन्या आचळाला पितं. एकाच वेळी एका आचळात पातळ दूध, दुसऱ्यात दाट. रक्त एकच, त्यातली संप्रेरकं तीच, तरी प्रत्येक ग्रंथीचं घड्याळ वेगळं.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आणि आपलं गं?"

"आपलं दोन्हीकडे एकदमच बदलतं. दिवस राहिले की दूध आटतं, पुढे त्याचा चीक व्हायला लागतो. पण बाधत वगैरे नाही काही."

एवढं म्हणून तिनं पान उलटलं. आत्याबाई जाऊन बारा वर्षं झाली, कुणाशी भांडू?

"मग मला कुठलं दिलंत?" तिनं वर न बघताच विचारलं.

"गवळ्याचं. निम्मं पाणी घालून."

"तरीच मी उंच झाले नाही," ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. मी पातेलं पुन्हा घासायला घेतलं.