ग्रंथाआधीचा प्रश्न

शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींच्या दृष्टीस पडला. गुरुजींनी त्याची विचारपूस केली. पुढे तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. परंतु ग्रंथाच्या आधी तेथे आपुलकीचा एक प्रश्न होता, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

१९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग यांचा उल्लेख एकत्र येतो. सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, तर कार्यकारी मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती. वाचन आणि संवाद ही त्या पिढीला दोन वेगळी कामे वाटत नव्हती.

काही वर्षांपूर्वी लालबागमधील एका वाचनालयाच्या सेवकांना चर्चावर्ग चालविण्याचे शिक्षण देण्याचे काम आमच्याकडे आले. तेथे निवृत्त गिरणी कामगार, उत्सव मंडळाचे कार्यकर्ते, नव्या टॉवरमधील तरुण आणि आमच्या वस्तीतील विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. आम्ही तीन नियम सांगितले. मत देण्याआधी प्रश्न विचारावा. समोरच्याचे म्हणणे त्यालाच परत ऐकवावे आणि त्याने होकार दिल्यावरच उत्तर द्यावे. वाद ऐकीव गोष्टीवर आला, तर कपाटातील ग्रंथ काढावा.

पहिल्याच बैठकीत एका तरुणाने विचारले, "आरक्षण आणखी किती दिवस?" आम्ही आमचेच नियम विसरलो. बालपणी एका वाचनालयात आडनाव विचारून आम्हांला बाकावरून उठविण्यात आले होते. तो संताप अर्धा तास आमच्या मुखातून बोलत राहिला. पुरावे खरे होते. तरुण निरुत्तर झाला. आम्हांस वाटले, जिंकलो.

बैठक संपल्यावर पुस्तके देण्या-घेण्याचे काम करणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्याचं म्हणणं तुम्ही त्याला परत ऐकवलंच नाही."

पुढची बैठक तिने चालविली. "हा प्रश्न तुमच्या मनात कधी आला?" असे तिने त्या तरुणाला विचारले. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी सुटली, तेव्हापासून घर सावरलेच नाही, आणि आता आपला प्रवेश हुकला, असे तो म्हणाला. मग तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्या बाकाची हकीकत सांगितली, या वेळी आवाज न चढविता. त्याचे मत बदलले की नाही, आम्हांस ठाऊक नाही. जाताना मात्र त्याने संविधान सभेतील भाषणांचा खंड मागून नेला, आणि पुढच्या बैठकीलाही तो आला.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्या शाळेच्या ग्रंथालयास ग्रंथ अवश्य द्यावेत. त्यासोबत एक तास तेथे बसावे आणि आपल्याशी सहमत नसलेल्या एखाद्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. सम्यक वाचेचा आरंभ ऐकण्यापासून होतो, हे आम्ही त्या मुलीकडून शिकलो.