‘जॉइन’ का होत नाही?

माझं रोजचं काम कंपन्यांची नेटवर्क सांभाळण्याचं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र भाचरांचे आणि त्यांच्या मित्रांचे फोन येतात ते वेगळ्याच कामाचे. “मामा, एज ऑफ एम्पायर्स टू लावलाय. मी होस्ट केलं तर मित्राला दिसतच नाही. नेट तर फायबरचं आहे!”

वेगाचा इथं संबंध नाही, हे पटवण्यातच निम्मा फोन जातो. गेम १९९९ चा, म्हणजे डायल-अप मोडेमवर चालेल असाच बांधलेला. पडद्यावर शेकडो सैनिक लढत असले तरी तारेतून सैनिक जात नाहीत, जातात फक्त हुकूम. तीच लढाई प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे, तंतोतंत लढतो. म्हणून एकाचं नेट अडखळलं की सगळ्यांचाच खेळ अडखळतो. आणि एकाकडे १.०सी पॅच, दुसऱ्याकडे नाही, तर डाव पुढं सरकतच नाही.

घोडं अडतं ते पत्त्यापाशी. हा गेम मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टप्ले या जोडणीच्या यंत्रणेवर चालतो. जोडणी मागताना डायरेक्टप्ले निरोपाच्या आतच आपल्या संगणकाचा पत्ता लिहितं, आणि होस्ट त्या पत्त्यावर उलट नवी जोडणी करू पाहतो. राउटरमागच्या संगणकाचा पत्ता असतो १९२.१६८ ने सुरू होणारा, घरापुरताच खरा. पाकिटावर गाव, रस्ता काहीच न लिहिता नुसतं ‘फ्लॅट ३०२’ लिहावं, तसं. त्यामुळे ४७६२४ आणि २३०० ते २४०० हे पोर्ट होस्टनं उघडून भागत नाही, येणाऱ्यालाही २३०० ते २४०० उघडावे लागतात. हे कुणी सांगत नाही, आणि पोरं रात्रभर एकाच राउटरशी झटत बसतात.

त्याआधी मी राउटरच्या पानावरचा वॅन आयपी वाचायला सांगतो. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर पोर्ट उघडण्याचा खटाटोप सोडून द्यायचा. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे इंटरनेट सेवा पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. दार आपल्या राउटरच्याही पलीकडे, त्यांच्या यंत्रात बंद असतं.

मग उरतं आभासी लॅन. हमाची किंवा झिरोटियर घातलं की पुण्यातला आणि न्यू जर्सीतला संगणक एकाच खोलीत असल्यासारखे वागतात. तरीही गेम दिसला नाही, तर जुन्या गेमची एक खोड आठवावी: तो बहुधा एकाच नेटवर्क कार्डावर हाक मारतो, आणि ते वायफायचं निघतं. विंडोजमध्ये आभासी कार्डाचा मेट्रिक, म्हणजे प्राधान्याचा आकडा, कमी केला की हाक योग्य तारेवर जाते. विंडोज १० मध्ये डायरेक्टप्ले मुळात बंद असतं, ‘लेगसी कंपोनंट्स’मधून चालू करावं लागतं. फायरवॉल सरसकट बंद करण्याचा सल्ला मी देत नाही. गेमला परवानगी दिली की पुरे.

एवढा उपद्व्याप करून पोरं मला विचारतात, नवी आवृत्ती का घेऊ नये? जरूर घ्यावी, २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन यातलं काहीच विचारत नाही. पण ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबते. ३१ मे २०१४ ला खेळाडूंना ऑनलाइन जुळवून देणारी गेमस्पायची सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या कितीतरी गेमच्या लॉबी एका दिवसात ओस पडल्या. सीडीवरच्या एज ऑफ एम्पायर्सला असा मध्यस्थ लागत नाही. समोरच्याचा आयपी टाकला की झालं.