कोऱ्या टी-शर्टचे वजन

कापड हाताने ओळखावे, अशी आमच्या घराण्याची रीत. सांगलीच्या आमच्या दुकानात आजोबा गादीवर बसून ताग्याची कड अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरीत, क्षणभर डोळे मिटीत आणि भाव सांगत. वडिलांनी तेच केले. मीही छत्तीस वर्षे तेच करीत आलो. आपल्या बोटांवर माझा अतोनात विश्वास होता. त्या विश्वासाची किंमत मला वयाच्या साठीला मोजावी लागली, त्याचीच ही हकीकत.

धाकट्या लेकीने दुकानामागच्या गोदामात टी-शर्ट छपाईचा लहानसा उद्योग सुरू केला. शाळांची क्रीडासंमेलने, गणेश मंडळे, सहली यांसाठी कोरे टी-शर्ट आणायचे, त्यांवर नाव आणि चिन्ह छापून द्यायचे, असा तो व्यवसाय. छपाई तिची आणि खरेदी माझी, अशी वाटणी ठरली. "अण्णा, मालाचं तुम्हीच बघा," असे ती म्हणाली, तेव्हा मला मनातून फार बरे वाटले होते.

पहिली मोठी मागणी एका शाळेची आली. मरून रंगाचे 240 टी-शर्ट, त्यांवर पांढरी अक्षरे. माझ्यापुढे दोन नमुने होते. एकाचा भाव 118 रुपये, दुसऱ्याचा 92. दोन्ही पुरवठादारांनी 'शंभर टक्के सुती, 180 जीएसएम' असेच लिहून दिले होते. मी दोन्ही नमुने बोटांत धरले. स्वस्त नमुना अधिक मऊ लागला. लेक म्हणाली, "अण्णा, एक एक नग धुऊन बघूया. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." मी हसून म्हणालो, "कापड धुऊन बघायला मी काय नवशिका आहे?" नगामागे 26 रुपयांप्रमाणे 6,240 रुपये वाचले. सायंकाळी जेवताना तो आकडा मी घरात दोनदा सांगितला.

तीन आठवड्यांनी शाळेतील एक शिक्षक दुकानात आले. त्यांनी एकदाच धुतलेले तीन टी-शर्ट गादीवर ठेवले. बाजूची शिवण पिळवटून पोटावर आली होती, लांबी दोन इंचांनी घटली होती आणि पांढरी अक्षरे गुलाबी दिसत होती. ते एक शब्दही कठोर बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपे गेले असते.

त्या संध्याकाळी लेकीने माझ्या मेहुण्यांच्या सराफी दुकानातून छोटा काटा मागवला. टी-शर्टमधून दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद चौकोन कापला. हा चौकोन म्हणजे एका चौरस मीटरचा शंभरावा भाग. म्हणून त्याच्या ग्रॅममधील वजनाला शंभराने गुणले की जीएसएम मिळते. काट्यावर 1.80 यायला हवे होते, 1.52 आले. मग तिने शिवणीजवळचे काही धागे उसवून काडीने पेटवले. निव्वळ सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. येथे राखेत टणक काळे मणी हाताला लागले. कापडात पॉलिएस्टर मिसळलेले होते. छपाईची शाई पक्की करताना सुमारे 160 अंश उष्णता द्यावी लागते. त्या उष्णतेत पॉलिएस्टरचा रंग सुटून वरच्या पांढऱ्या शाईत उतरतो. अक्षरे गुलाबी झाली ती त्यामुळे. आणि माझ्या बोटांना भुलवणारा तो मऊपणा? तो सुताचा नव्हता, शेवटी दिलेल्या सिलिकॉनच्या धुलाईचा होता.

आमचा सारा जन्म विणलेल्या ताग्यांत आणि मीटरच्या हिशेबात गेला. टी-शर्टचे कापड होजिअरीचे. ते किलोने विकले जाते. 180 च्या जागी 150 दिले की सुताचा सहावा हिस्सा वाचतो. माझ्या पुरवठादाराचा भाव त्यामुळेच उतरला होता, आणि मी मात्र ते माझ्या घासाघिशीचे यश समजत होतो.

आता शाळेचे काय करायचे, हा प्रश्न उरला. मी म्हटले, निम्मी रक्कम परत करू. लेक म्हणाली, "अण्णा, शाळेने आपल्याकडून 180 चा माल घेतला आणि आपण 152 चा दिला. आपल्याला कुणी फसवलं तो आपला आणि त्याचा हिशेब. त्यात शाळेचा काय संबंध?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. गादीवर आजोबा असते तर त्यांनीही हेच विचारले असते. आम्ही सगळे 240 नग नव्याने करून दिले. कोऱ्या मालाचे 28,320 आणि छपाईचे 4,800, असे 33,120 रुपये खर्ची पडले. वहीत ती नोंद मी माझ्याच हाताने केली आणि तिच्याशेजारी 'वाचवलेले' 6,240 ही लिहून ठेवले.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे बंगळुरूमार्गे तिरुपूरला गेलो. होजिअरीचे हे गाव तमिळनाडूत, नोय्यल नदीकाठी आहे. तेथील खादरपेठेत निर्यातीतून उरलेला माल फार स्वस्त मिळतो. किरकोळ विक्रीला तो ठीक. पण मापांची जोडी पूर्ण नसते आणि तोच माल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. शाळेची मागणी अशा मालावर पुरी करता येत नाही.

आपल्याला हवा तो खास रंग करून घ्यायचा तर लहान छपाईवाल्याचे काम नव्हे, कारण रंगाई मोठ्या घाण्यातच परवडते. पांढरा, काळा, गडद निळा असे नेहमी तयार असणारे रंग निवडले तर थोडे नगही वाजवी भावात मिळतात. एका मागणीचा सगळा माल एकाच घाण्यातला मागावा, नाही तर दोन छटा शेजारी शेजारी दिसतात.

तेथे रंगाईचा दर जास्त का, हेही कळले. रंगाच्या सांडपाण्याने नोय्यल नासली, तेव्हा 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. पाण्याचा थेंबही बाहेर न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरायचे, ही अट पाळूनच त्यांना काम करता येते. त्या शुद्धीकरणाचा खर्च प्रत्येक रंगीत टी-शर्टमध्ये असतो. तेव्हापासून अतिस्वस्त रंगीत माल पाहिला की, या खर्चाचा भार कोणत्या नदीने उचलला असेल, असे मनात येते.

आज आमची रीत ठरलेली आहे. भाव विचारण्याआधी वजन, सुताची जात आणि मापे लिहून द्यायची. प्रत्येक नव्या मालाचा एक नग कापायचा आणि एक धुवायचा. धुण्याआधी कापडावर 50 सेंटिमीटरची खूण करायची. धुऊन वाळल्यावर ती अडीच सेंटिमीटरने आखडली, म्हणजे पाच टक्के घट झाली, तर तो माल परत. एक नग छापून, पुन्हा धुऊन मगच मागणी नक्की करायची. या साऱ्यात दोन नग आणि चार दिवस जातात, एवढेच.

सराफाचा तो काटा मेहुण्यांनी परत घेतला नाही. तो आता गादीवरच असतो. परवा एक नवा पुरवठादार नमुने घेऊन आला होता. मी कात्री हाती घेतलेली पाहून म्हणाला, "शेठ, इतकी वर्षं कापडात काढलीत, तुम्हाला हाताने कळत नाही?"

मी म्हटले, "मलाही तसंच वाटत होतं." आणि चौकोन कापून काट्यावर ठेवला.