मागच्या सीटवरून दिसलेली वणी

‘वणी? म्हणजे सप्तशृंगीवाली ना?’

पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मला किमान शंभरदा विचारला गेलाय. नाही हो, ती नाशिकची! आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली, पार पूर्वेच्या टोकाची. कोळसा, कापूस आणि अंगाची लाही करणारा मे महिना. लोकनायक बापूजी अणे मूळचे इथलेच, जन्म १८८०चा, हेही मी घाईघाईने सांगून टाकते. तरी समोरचा चेहरा कोराच राहिला की मुकाट्याने कॉफी मागवते.

आज मात्र वणीबद्दलच बोलायचंय. कारण डिसेंबरात आईचा फोन आला. ‘अगं, त्या गाडीचं काय करायचं? पंधरा वर्षं झाली म्हणतो तुझा भाऊ. गॅरेजवाला दहा हजार देऊन राहिला.’

गाडी म्हणजे नवऱ्याची काळी स्प्लेंडर. एमएच २९. नोंदणीची पंधरा वर्षं संपली की गाडी फिटनेस दाखवून पुन्हा नोंदवायची, नाहीतर सरळ विकायची. आता नवऱ्याची गाडी माझ्या माहेरच्या अंगणात कशी? सासरे कोळसा खाणीत नोकरीला होते. २०१९मध्ये रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि नागपूरला गेले. हा आधीच पुण्याला. तेव्हा आमचं ठरलं होतं, पण घरच्यांचं ठरलं नव्हतं. जात वेगळी. पुढची स्टोरी तुम्हाला पाठ असेल. तरी आई बाबांना म्हणाली, ‘हिच्या कॉलेजातल्या पोराची गाडी आहे, राहू द्या कोपऱ्यात.’ म्हणजे जावयाच्या दोन वर्षं आधी त्याची गाडी आमच्याकडे नांदायला आली!

लहान गावात प्रेम करणं हा फुलटाइम जॉब असतो. ना मॉल, ना मल्टिप्लेक्स, ना तासभर एका कॉफीवर बसू देणारा कॅफे. टिळक चौकात दोघं पाच मिनिटं बोलत उभे राहा, बातमी तुमच्याआधी घरी पोचलेली असते. यावर उपाय एकच. तोंडाला स्कार्फ आणि गावाबाहेरचा रस्ता. उन्हापायी आमच्याकडे प्रत्येक मुलगी स्कार्फ गुंडाळते, त्यामुळे मागच्या सीटवरची मी म्हणजे फक्त दोन डोळे. कोण ओळखणार?

सगळ्यात लाडका रस्ता वरोऱ्याचा. वाटेत पाटाळ्याला वर्धा नदीचा पूल लागतो. नदी हीच जिल्ह्याची हद्द. अलीकडे यवतमाळ, पलीकडे चंद्रपूर. पूल ओलांडला की मी स्कार्फ सैल करायची, कारण पलीकडे आमचे ना काका, ना मामा. फक्त सगळ्या एमएच ३४च्या गर्दीत आमची २९ उठून दिसायची, तेवढीच धाकधूक. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की हा रस्ता बंद, आणि आम्हीही बंद.

याच पुलावर त्याने पहिल्यांदा ‘मला तू आवडतेस’ म्हटलं. समोरून वारा, शेजारून ट्रक. मला ऐकू आलं, ‘पेट्रोल संपतंय.’ मी म्हटलं, ‘मग भर ना, माझ्याकडे पन्नास आहेत!’ बिचाऱ्याने पुढचे दोन किलोमीटर तोंड उघडलं नाही.

पुढे भद्रावतीला जायचो. तिथली विजासन लेणी पाहिली नसतील तर जरूर पाहा. टेकडीत सरळ आत घुसलेला लांबलचक बोगदा आणि टोकाला अंधारात बसलेले बुद्ध. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारवा. बाहेर आलं की सावली शोधायची आणि डबा उघडायचा. तिखट पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, ठेचा आणि कागदाच्या पुडीत फल्लीदाणे. (पुणेकरांसाठी : शेंगदाणे.) आमच्याकडची खरी पिकनिक म्हणजे शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. पण त्याला पंधरा-वीस माणसं लागतात, आणि आमच्या पिकनिकला तिसरा माणूस चालणार नव्हता.

दुसरा रस्ता घुग्घुसचा. बेलोऱ्याच्या पुलावरून वर्धा ओलांडायची आणि कोळशाच्या ट्रकांमागून वढ्याला पोचायचं. तिथे पैनगंगा वर्धेला मिळते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी एखाद्या दुपारी अख्खा संगम आमच्या मालकीचा! बुधवारी शेवटची दोन लेक्चर्स ऑफ असायची, म्हणून बुधवार वढ्याचा. वाटेत एका शेताच्या बांधावर मोठी चिंच होती. जाताना नाही, येताना तिथे थांबायचं. चिंचा पाडायच्या आणि उरलेली पुरी अर्धी-अर्धी खायची.

प्रॉब्लेम होता धुळीचा. घुग्घुसच्या रस्त्याची धूळ काळी. राजूर कॉलरीकडे गेलं की चुनाभट्ट्यांची पांढरी. पाटाळ्याकडची साधी, मातीच्या रंगाची. घरी आले की स्कार्फ बाथरूमच्या बादलीत टाकायचा आणि अभ्यासाला बसायचं, हा माझा नेम. संध्याकाळी बाबा यायच्या आत तो धुतलेला, दोरीवर. आई फक्त एकदा म्हणाली होती, ‘आज राजूरले गेलती का?’ माझा श्वासच अडकला. मैत्रिणीकडे नोट्स आणायला, असं काहीतरी सांगितलं. तिने परत कधी विचारलं नाही.

सगळे प्लॅन जमले असं नाही. टिपेश्वर अभयारण्य करायचं होतं, पण पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीची, म्हणजे अवनीची, दहशत होती. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली, तोवर हा पुण्याला गेलेला. आणि झरी जामणी तालुक्यातल्या शिबल्याचा किस्सा तर अशक्य आहे. तिथून आम्ही कितीदा गेलो असू! २०२१मध्ये शिबला-पार्डीला रस्त्याच्या खोदकामात षटकोनी दगडी खांब निघाले. लाव्हा थंड होताना तयार झालेला बेसॉल्ट, वय सुमारे सहा कोटी वर्षं. आम्ही त्याच्या आसपास गाडी लावून फल्लीदाणे खात होतो.

तर, डिसेंबरात आम्ही गाडी विकायला वणीला गेलो.

खरं सांगू? गेलं वर्ष आमचं बरं गेलं नव्हतं. भांडणं झाली असती तर परवडलं असतं. तो रात्री क्लायंट कॉलवर, मी पहाटे डेडलाइनवर. एकाच घरातून एकमेकांना ‘दूध?’ एवढाच मेसेज. त्यात त्याला हैदराबादची ऑफर आली. मी म्हटलं, तुझं तू ठरव. त्याने ‘बरं’ म्हटलं. दोन महिने हा विषय टीव्हीच्या रिमोटसारखा सोफ्यात कुठेतरी अडकून पडला होता.

गाडी चौथ्या किकला सुरू झाली. भावाने अधूनमधून फिरवून जिवंत ठेवली होती. कागद नव्हतेच, त्यामुळे लांब जायचं नाही असं ठरलं. पण चौकात आल्यावर त्याने न विचारता घुग्घुसकडे वळवली आणि मीही काही बोलले नाही. (कायद्याने चूक. तुम्ही करू नका.)

चिंच नाहीये. बांध नाही, शेत नाही. खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर उभा आहे आणि त्यावर वेड्या बाभळी उगवल्यात. आम्ही दोनदा पुढे-मागे गेलो, कारण जागा हीच का याची खात्री पटेना. शेवटी एका ट्रकवाल्याने विचारलं, ‘काही हरवलं का भाऊ?’ नवरा म्हणाला, ‘झाड.’ ट्रकवाला हसला. त्याला वाटलं, मस्करी चालली आहे.

संगमावर मात्र सगळं जागच्या जागी. हिवाळ्याचं उतरलेलं पाणी, वाळू, लांब एक मासे धरणारा. आईने डबा दिला होता. तिखट पुऱ्याच! समोरासमोर बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या आणि बोललो काय, तर फ्लॅटचा मेंटेनन्स. धन्य!

परत निघालो. बेलोऱ्याच्या पुलावर नेहमीसारखा वारा. तो पुढे बघत काहीतरी म्हणाला.

‘काय?’

‘हैदराबादला मला जायचं नाहीये.’

‘मग दोन महिने का नाही बोललास?’

‘तू म्हणालीस, तुझं तू ठरव. मला वाटलं, तुला फरक पडत नाही.’

मी त्याच्या जॅकेटच्या पाठीला उत्तर दिलं. फरक पडतो. खूप पडतो. तू गेलास तर मी काय करेन, हे मी रात्री दोन वाजता मोजत बसायची. हे सगळं सोफ्यावर, त्याच्या डोळ्यांत बघून मला सांगता आलं नसतं. त्याने गाडी तीसवर आणली. मागून हॉर्न वाजत होते. वणी येईपर्यंत आम्ही ओरडून ओरडून बोललो, घसा बसला. बरंचसं ऐकूच आलं नाही, मग परत बोललो.

घरी आलो तर गॅरेजवाला अंगणात बसलेला. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि फेरनोंदणीला काय काय लागतं ते विचारलं. इन्शुरन्स, पीयूसी, आरटीओत गाडी दाखवणं. गॅरेजवाला म्हणाला, ‘एवढ्या खर्चात नवी आली असती, जावईबापू.’ अतिशयोक्ती होती, पण मुद्दा बरोबर होता. बाबा पेपरमागून म्हणाले, ‘राहू द्या. कोपरा रिकामाच आहे.’

मी सवयीने स्कार्फ बादलीत टाकून आले. आई मागे आली, पदर खोचून खाली बसली. पाणी बघता बघता काळं झालं.

‘वढ्याले गेलते ना?’ ती म्हणाली. ‘तवाही बुधवारी तिकडेच जायचे तुम्ही.’