गावठी बोरीवर मेहरूण

धुळ्याला आमच्या परसात एक गावठी बोर आहे. फळं बारीक, आंबट-तुरट. संक्रांतीला नातीच्या बोरन्हाणासाठी बोरं मात्र बाजारातून आणायची. जळगावची आत्या एकदा म्हणाली, "आमच्या मेहरूण बोरीचा डोळा भर ना तिच्यावर."

"बीच लावली तर?"

"बीतून काय निघेल ते बोरीलाच ठाऊक!"

झाड काढायचं नव्हतंच. बोरीचं सोटमूळ खोल जातं, म्हणून तर ती आमच्या कोरड्या मुलखात तगते. मूळ गावठी ठेवायचं, गोडी तेवढी मेहरूणची आणायची.

एप्रिलअखेर बुंधा दोन फुटांवर कापला. पावसात फुटवे आले. जोमदार तीन ठेवले. जुलैत ते पेन्सिलीएवढे झाले, तशा जळगावहून मेहरूणच्या, डोळे असलेल्या काड्या आणल्या, पण कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीच्या खिडकीशी ठेवून. शेजारच्या बाबांनी काडी वाकवून पाहिली. "काडी वाळी गयी रे भाऊ!" तरी हट्टानं भरले. तिन्ही डोळे गेले.

ऑगस्टमध्ये काड्या ओल्या फडक्यात आल्या. पानं खुडलेली, देठ ठेवलेले. बाबांनी फुटव्यावर टी आकाराचा छेद दिला. साल सुटत होती, आतला भाग ओलसर चमकत होता. डोळा सालीखाली सरकवला आणि तेवढा उघडा ठेवून वर-खाली प्लॅस्टिकची पट्टी आवळली. "देठाकडे लक्ष ठेव. बोट लावताच गळाला, तर डोळा बसला. वाळून चिकटून राहिला, तर गेला."

पंधरा दिवसांनी बोट लावलं. दोन देठ टपकन गळाले, तिसरा हलेना. बसलेल्या डोळ्यांच्या वरचा फुटवा कापला आणि डोळे फुटले. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात नातीच्या ओंजळीत घरची गोड बोरं होती.

मग मी निर्धास्त झालो. एका पावसाळ्यात बुंध्याकडे पाहिलंच नाही. कलमाच्या खालून आलेला एक फुटवा बघता बघता मेहरूणच्या डोक्यावर गेला, आणि त्या संक्रांतीला निम्मी बोरं पुन्हा आंबट! गावठी मुळाचा जोर तो. स्वतःच्या फांदीला ते आधी पोसतं.

डोळा भरायला दहा मिनिटं लागतात, राखण मात्र झाड असेतो. तुम्हीही भरलात, तर पावसाळ्यात दर आठवड्याला बुंध्याशी वाका आणि कलमाखाली जे जे हिरवं दिसेल ते कोवळं असतानाच खुडून टाका.